उठाबशांचे सहा महिने

गेल्या वर्षी आषाढात, पहाटे साडेपाचच्या सुमारास, परसदारच्या ओल्या शहाबादी फरशीवर माझा पाय घसरला आणि मी डाव्या कुशीवर पडले. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला; दुखायला मात्र थोड्या वेळाने लागले. उठू लागले तर डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत होता आणि तो माझे काही ऐकत नव्हता. माझे वय तेव्हा ६८ होते. कोल्हापुरातल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यापासून दहा वर्षे मी रोज पहाटे रंकाळ्याला फिरायला जात असे, आणि पडले तीही फिरायला निघण्याच्या गडबडीतच. 'रोज एवढे चालणाऱ्या बाईचे हाड मोडलेच कसे?' असे भेटायला आलेल्या प्रत्येकाने विचारले, आणि माझ्याही मनात तेच होते. त्याचे उत्तर मिळायला मला दोन महिने आणि तीन फिजिओथेरपिस्ट लागले.

मांडीचे हाड खुब्याच्या सांध्याच्या थोडे खाली मोडले होते. दुसऱ्या दिवशी कमरेतून भूल देऊन हाडाच्या पोकळीत सळई बसवण्यात आली. सांधा बदलावा लागला नाही हे चांगले झाले, असे सर्जन म्हणाले. सांधा बदलला असता तर फार वाकण्यावर आणि पायावर पाय टाकून बसण्यावर काही महिने बंधने आली असती. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण फिजिओथेरपिस्ट खाटेपाशी येऊन 'काकू, उठायचं ना?' असे म्हणाला, तेव्हा तो चुकून माझ्या खोलीत आला असावा अशी माझी समजूत झाली. त्याने आधी पावले घोट्यातून वरखाली हलवायला लावली आणि पोटऱ्यांमध्ये रक्ताची गाठ होऊ नये म्हणून जागेपणी दर तासाला हे करायचे, असे बजावले. मग गुडघा गादीवर दाबून मांडी आवळायला शिकवले आणि तीन चेंडूंच्या प्लॅस्टिकच्या यंत्रात श्वास ओढायला लावला. दुपारी वॉकर आला. त्याची मूठ किती उंचीवर हवी, हे त्याने हात सरळ खाली सोडायला लावून मनगटाच्या घडीवरून ठरवले आणि मला क्रम पाठ करून घेतला : आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. जिन्याचा नियमही त्याने तेव्हाच सांगितला, की चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी. मी पायावर भार द्यायला भीत होते, तेव्हा तो म्हणाला, 'सळई त्यासाठीच घातलीय, काकू. तुम्ही उभ्याच राहिला नाही तर ती घालून उपयोग काय?'

पाचव्या दिवशी घरी आले आणि तिथे सगळे बिघडले. कोणाचा हेतू वाईट नव्हता. यांनी चहा खाटेवर आणून दिला, पुण्याहून आलेल्या सुनेने जेवणाचे ताट खाटेवर दिले, आणि शहाळी घेऊन येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने 'आयुष्यभर राबलात, आता विश्रांती घ्या' असेच सांगितले. हॉस्पिटलमधून मिळालेला व्यायामाचा कागद गोळ्यांच्या डब्याखाली गेला. टाके काढायला गेले तोपर्यंत मी दिवसातून तीन-चार वेळा न्हाणीपर्यंत जाण्यापलीकडे पाऊल टाकलेले नव्हते. सर्जननी गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटिमीटर वर टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या. डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरने बारीक भरली. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाविषयी मी पुढे वाचले. त्यात साठी-सत्तरीच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसते झोपवून ठेवले होते, आणि तेवढ्यात त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस कमी झाले. त्यांचे तर हाडही मोडलेले नव्हते.

सर्जननी फिजिओथेरपी सुरू करायला सांगितले, म्हणून घराजवळच्या एका केंद्रात जाऊ लागले. तीन आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, मी तिथे पालथी किंवा कुशीवर पडून असायची. मांडीवर गरम पिशवी ठेवत, मग चार पट्ट्या चिकटवून करंट देत, आणि शेवटी पाच मिनिटे पाय वर-खाली करून घेत. बरे वाटायचे, हे नाकारत नाही. दुखणे कमी करायला या यंत्रांचा उपयोग होतो आणि दुखणे कमी असले की हालचालीला धीर येतो. पण माझ्या बाबतीत तो धीर वापरायची वेळ येण्याआधीच रिक्षा दारात उभी राहत असे. आपल्याकडे फिजिओथेरपीला जाण्याला सर्रास 'शेक घ्यायला जाणे' म्हणतात, आणि मीही शेजारणीला तेच सांगत होते, यावरून आम्ही सगळेच त्याच्याकडून काय अपेक्षा करतो ते कळते. तीन आठवड्यांनी मला कमोडवरून उठताना भिंतीतली मूठ धरल्याशिवाय उठता येत नव्हते. खुर्चीचे हात धरून उठत होते, चालताना प्रत्येक पावलाला डावीकडे झुकत होते, आणि वय झाल्यावर असेच राहायचे अशी मनाची तयारी करत होते.

भाद्रपदात गौरी आल्या. आमच्या घरात गौरींची पूजा जमिनीवर पाट मांडून होते. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा, पाहुणी आल्यासारखी, खुर्चीत बसून पूजा पाहिली. नैवेद्याची पाने वाढली गेली, सगळे पंगतीला बसले आणि माझे ताट टेबलावर आले. कोणी काही बोलले नाही. रात्री मी यांना म्हटले, की मला पुन्हा खाली बसायचे आहे आणि कोणाचा हात न धरता उठायचे आहे, त्यासाठी काय करावे लागेल ते शोधा.

राजारामपुरीतल्या ज्या फिजिओथेरपिस्टकडे मी मग गेले, ती माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असावी. तिच्या खोलीत यंत्रे होती, पण पहिल्या दिवशी तिने एकालाही हात लावला नाही. अर्धा तास ती नुसते प्रश्न विचारत होती. पडले तेव्हा पायात काय होते? उजेड होता का? रात्री किती वेळा उठावे लागते? झोपेतून उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते का? येते, असे मी म्हटल्यावर तिने मला आडवे करून रक्तदाब मोजला आणि उभे करून पुन्हा मोजला. वरचा आकडा १३८ होता तो ११४ वर आला. उभे राहिल्यावर २० किंवा त्याहून अधिक उतरणे ही पडण्याला निमंत्रण देणारी गोष्ट आहे, असे सांगून तिने आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, आणि त्यांनी रक्तदाबाच्या गोळीचे प्रमाण आणि वेळ बदलली. घरातल्या झिजलेल्या सपाता टाकायला लावल्या. पावसाळ्यात कातडी तळाची चप्पलही नको म्हणाली. कोल्हापुरात राहून कोल्हापुरी घालू नका असे सांगणारी ही मला भेटलेली पहिलीच. तोपर्यंत मी पडण्याला निव्वळ अपघात समजत होते. तिच्या वहीत मात्र त्याची चार कारणे लिहिलेली होती आणि ओली फरशी हे त्यांतले केवळ एक होते.

मग चाचण्या झाल्या. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ही पहिली. मी पुढे झुकले, जोर केला आणि जागच्या जागी राहिले. हात टेकल्याशिवाय उठता आले नाही तर या चाचणीत शून्य धरतात. ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ उठबशाही जमल्या नाहीत तर तिची ताकद सरासरीहून कमी समजतात, असे ती म्हणाली. आयुष्यभर मी मुलांना उठाबशा काढायला लावल्या, आणि माझ्या पहिल्याच परीक्षेत मला भोपळा मिळाला. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसण्यासाठी मला वॉकर घेऊन २७ सेकंद लागले. १२ किंवा त्याहून अधिक सेकंद लागणाऱ्याला पडण्याचा धोका आहे असे मानतात. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून दहा सेकंद उभे राहायचे होते, तिथे मी दोन सेकंदांत भिंत धरली.

तेव्हा मी तिला माझा प्रश्न विचारला, की दहा वर्षे रोज चालूनही असे का? तिने दिलेले उत्तर मी घरी येऊन लिहून ठेवले. 'काकू, चालण्यानं तुमचं हृदय आणि दम चांगला राहिला, म्हणून तर ऑपरेशन सोसलंत. पण सपाटीवर चालायला पायांना जेवढी ताकद लागते, तेवढी त्यांच्याकडं होतीच. त्यापेक्षा जास्त तुम्ही दहा वर्षांत कधी मागितलीच नाही. न मागता पाय कशाला देतील?' वयाच्या तिशी-चाळिशीपासून स्नायू थोडेथोडे झिजत असतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. नुसत्या चालण्याने ही झीज भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच, ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम करावा, असे वेगळे सांगितले आहे. त्यातला चालण्याचा भाग मी पुरेपूर पाळत होते आणि दुसरा भाग असतो हेच मला ठाऊक नव्हते.

खरे तर ठाऊक असायला हवे होते. माझे वडील तालमीतले. आमच्या पेठेत पहाटे आखाड्याची लाल माती खणल्याचा आवाज घराघरांत ऐकू येई, आणि वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी किती बैठका द्यायच्या आणि महिन्याने किती वाढवायच्या, याचा हिशेब तोंडपाठ ठेवत. दोन्ही भाऊ वडिलांच्या मागे तालमीत जात; मी दूध तापवून ठेवत असे. बैठक हा मुलींनी करायचा प्रकार नव्हताच. अडुसष्टाव्या वर्षी, साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून, एका पंचविशीच्या मुलीने मोजलेल्या माझ्या पहिल्या बैठका सुरू झाल्या.

सुरुवातीला खुर्चीवर दोन जाड उशा ठेवल्या होत्या. उंच बसले की उठायला कमी ताकद लागते, एवढाच त्यातला हिशेब. त्या उंचीवरून हात न टेकता आठ वेळा उठता येऊ लागले की एक उशी काढायची, मग दुसरी. बसताना धप्पदिशी न बसता मनात चार मोजत खाली यायचे, कारण खाली येतानाही स्नायू काम करतो आणि जिना उतरताना नेमके तेच लागते. कुशीवर झोपून डावा पाय सरळ वर उचलणे मला सगळ्यात जड गेले. सळई घालण्याची वाट कुल्ल्याच्या बाहेरच्या स्नायूजवळून जाते, तो स्नायू दुबळा झाला की एका पायावर भार येताना कंबर दुसऱ्या बाजूला खचते आणि ती सावरायला माणूस झुकत चालतो. माझ्या लंगडण्याचे कारण ते होते, हाडात काही दोष राहिला नव्हता. पहिल्या आठवड्यात तो पाय वीतभरही उचलत नव्हता. पुढे घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधली, मग एक किलोची. प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, आणि शेवटचे दोन कठीण वाटले पाहिजेत. बारा सहज झाले तर वजन वाढवायचे. कठीण म्हणजे किती, यासाठी तिने शून्य ते दहाचे माप दिले होते आणि मी सहा-सातच्या आसपास राहावे असे तिचे म्हणणे होते. दुखण्यासाठी वेगळा नियम होता : व्यायामाच्या वेळी दहापैकी तीन-चारपर्यंत दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते शमले तर चालेल, शमले नाही तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजायचे.

तोलाचे व्यायाम ओट्याला धरून चालायचे. टाचांवर, चवड्यांवर, आडवे, उलटे, आणि शेवटी एका पायावर. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात वृद्धांसाठी बसवलेल्या व्यायामक्रमातून यांतले बरेच घेतले आहेत, असे तिने सांगितले. घोट्याला वजन बांधून ताकद, तोल आणि चालणे असा तो क्रम आहे, आणि त्याने पडण्याचे प्रमाण साधारण एक-तृतीयांशाने कमी झाल्याचे तिथे आढळले. माझ्या वयाला ताकद खरोखर वाढते का, अशी शंका मी काढली तेव्हा तिने १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका प्रयोगाचे उदाहरण दिले. तिथे वृद्धसेवा केंद्रातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम दिला आणि त्यांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. हे ऐकून मी उत्साहात एक चूक केली. दसऱ्याच्या सुमारास एका सुटीच्या दिवशी सगळे व्यायाम दुप्पट केले आणि चार दिवस सुजलेला गुडघा घेऊन बसले. स्नायू व्यायामाच्या दिवशी वाढत नाही, मधल्या विश्रांतीच्या दिवशी वाढतो, म्हणून तर सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरवून दिले होते, हे तिने मला अगदी शिक्षिकेच्या आवाजात ऐकवले.

जेवणाची चौकशीही झाली. मला आमचे जेवण सकस वाटत होते. प्रत्यक्षात सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी भाकरी-भाजी आणि रात्री भात-आमटी यांतून प्रथिने फार थोडी मिळत होती. म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज किमान एक ग्रॅम, आणि अशा दुखण्यात त्याहून थोडी जास्त लागतात; माझे वजन ५८ किलो, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. दुखण्यातून उठलेल्या माणसाला आपण पांढरा रस्सा पाजतो आणि फोडी जड पडतील म्हणून पोरांच्या ताटात वाढतो. माझ्या आजारपणात आमच्याकडेही तेच चालले होते. रस्सा चवीला उत्तम, पण प्रथिने फोडींत असतात. तेव्हापासून दोन अंडी, वाटीभर घट्ट उसळ, दोन वेळा दूध आणि रविवारी फोडी माझ्या ताटात, अशी वाटणी झाली. हाडांच्या घनतेची तपासणीही याच काळात केली. उणे २.५ किंवा त्याखाली आकडा गेला की हाडे ठिसूळ झाली असे धरतात. माझा खुब्याचा आकडा उणे २.९ आला. ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढल्यावर वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे औषध सुरू झाले. ही तपासणी साठीतच करून घ्यायला हवी होती, असे आता वाटते.

दिवाळीनंतर मी वॉकर सोडून काठीवर आले. काठी उजव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे रंकाळ्यावर भेटणाऱ्या निम्म्या काठीवाल्यांना माहीत नसते. मी दोघांना सांगितले, त्यांपैकी एकाने ऐकले.

पण ज्यासाठी आले होते ते अजून बाकी होते. जमिनीवरून उठण्याचा धडा तिने उलटा शिकवला : आधी उभे असताना एक गुडघा खुर्चीसमोर घातलेल्या गोधडीवर टेकवून परत उभे राहायचे, ते जमले की दोन्ही गुडघे, मग रांगण्याची स्थिती, मग एका कुशीवर बसणे, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण खाली. उठताना हाच क्रम उलटा : कुशीवर वळणे, हातांवर आणि गुडघ्यांवर येणे, खुर्चीपर्यंत रांगत जाणे, चांगल्या पायाचे पाऊल पुढे टेकून त्यावर उठणे. ज्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण खाली बसले त्या दिवशी मी जवळजवळ दहा मिनिटे तिथेच बसून राहिले, कारण फरशी इतक्या जवळून मी पडल्यानंतर पाहिली नव्हती. ती घाई न करता माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि तिच्या आजीच्या गावाकडच्या गोष्टी सांगू लागली. मग म्हणाली, 'चला, आता चहा करायला उठा.' तिसऱ्या प्रयत्नाला उठले. एकटी असताना पडले तर काय करायचे याचीही ही तालीम आहे, असे ती म्हणाली. जमिनीवर तासन्‌तास पडून राहण्यानेही माणसे दगावतात.

जानेवारीत पुन्हा सगळ्या चाचण्या झाल्या. खुर्चीच्या १२ उठबशा, तीन मीटरची फेरी काठीशिवाय ११ सेकंदांत, टाचेला बोटे लावून सात सेकंद. शेवटचा आकडा अजून नापासातलाच आहे, आणि दमल्यावर संध्याकाळी मी थोडी झुकते, हेही खरे. रंकाळ्याची पूर्वीची मोठी फेरी अजून होत नाही, निम्मी होते. तिथल्या मैत्रिणी 'चालायला लागलीस ना, मग आता कशाला ते फिजिओ?' असे म्हणतात, तेव्हा मी त्यांतल्या प्रत्येकीला कट्ट्यावरून हात न टेकता उठून दाखवायला सांगते. पाचांपैकी तिघींना जमले नाही. त्यांतली एक आता माझ्याबरोबर राजारामपुरीत येते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सतरंजीवर बायकांमध्ये बसले. तास-दीड तासाने उठायची वेळ झाली तेव्हा सुनेने सवयीने हात पुढे केला. मी कुशीवर वळले, गुडघ्यांवर आले, उजवे पाऊल टेकले आणि मांडीवर एक हात दाबून उभी राहिले. तो मांडीवरचा हात फिजिओ मॅडमना मान्य नाही. त्यांच्या वहीत पुढच्या महिन्यासाठी दीड किलोच्या पिशव्या आणि 'हाताविना' असा शेरा आहे.